दिवस संध्याकाळी सुरू होतो

(मंडळीच्या महिला संघाच्या उपकारस्तुतीच्या सभेत केलेले भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मॅरेथॉनचा अनुभव’ असे छापले आहे. पण बेचाळीस किलोमीटर धावल्यावर माणसाचे काय काय दुखते, हे ऐकायला तुम्ही एवढ्या लांबून आला नसाल. म्हणून मी धावण्याबद्दल थोडेच बोलणार आहे. मला त्याच्या आदल्या रात्रीबद्दल बोलायचे आहे. आपल्यातले फार थोडे जण कधी मॅरेथॉन धावतील, पण आदली रात्र प्रत्येकाच्या वाट्याला येते. कुणाची ऑपरेशनच्या आदली रात्र असते, कुणाची बोर्डाच्या पेपराच्या आदली, कुणाची लेकीच्या लग्नाच्या किंवा कोर्टाच्या निकालाच्या आदली. करायचे ते करून झालेले असते आणि व्हायचे ते अजून व्हायचे असते. त्या मधल्या आठ-दहा तासांत देवाच्या लेकरांनी कसे राहावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आधी थोडी माहिती देते. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि ती जानेवारीतल्या रविवारी असते. मी धावले ती १९ जानेवारी २०२५ ची. पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर. पहाटे पाच वाजता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघायचे, मरीन ड्राइव्ह, वरळी, सागरी सेतू असे करत उत्तरेकडे जायचे आणि माहीमवरून परत फिरायचे. परतताना पाय संपत आलेले असतात, तेव्हाच पेडर रोडचा चढ लागतो.

माझे वय सेहेचाळीस. सराव केला तो सातपुड्यातल्या रस्त्यांवर, ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत. आणि तुमच्यापैकी कित्येकांनी किलोमीटरमागे देणगीचा शब्द दिला होता, तो आमच्या मुलींच्या वसतिगृहातल्या सोलर बंबासाठी. सातपुड्यात जानेवारीची थंडी कडक असते. वसतिगृहातल्या काही मुलींना सिकलसेलचा आजार आहे आणि अशा मुलींनी गार पाण्याने अंघोळ करणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. त्यामुळे माझ्या प्रत्येक किलोमीटरवर कुणाचे तरी नाव होते. पंचविसाव्या किलोमीटरला थांबले, तर पुढच्या सतरा जणांच्या नावाचे काय, हा विचार त्या शनिवारी सकाळपासून माझ्याबरोबर फिरत होता.

आता एक प्रश्न तुमच्या मनात असेल, म्हणून मीच काढते. आपल्या मंडळीतल्या एका आजींनी मला सरळ विचारले होते, “अगं, रविवारी धावणार, मग उपासनेचं काय?” प्रश्न योग्य होता. एरिक लिडेल यांचे उदाहरण आपल्या तरुण संघात नेहमी सांगितले जाते. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून ते त्या धावलेच नाहीत. पुढे ४०० मीटरमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि मग चीनमध्ये मिशनरी म्हणून गेले. तिथेच, दुसऱ्या महायुद्धातल्या एका नजरकैदेच्या छावणीत, १९४५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या निष्ठेपुढे आपण मान लववावी. मी पाळकसाहेबांशी बोलले आणि आमचे ठरले की शनिवारी संध्याकाळी जिथे उतरेन तिथेच उपासना करायची, घाईघाईत उरकायची नाही. प्रत्येकाने आपल्या विवेकाने ठरवावे. माझी पद्धत इतरांसाठी नियम आहे असे मी म्हणत नाही.

पण त्या निमित्ताने उत्पत्तीचा पहिला अध्याय पुन्हा वाचला. थिऑलॉजीच्या डिप्लोमाच्या वर्गात आमच्या गुरुजींनी एक गोष्ट दाखवून दिली होती. तिथे प्रत्येक दिवसाची नोंद होते, तेव्हा आधी संध्याकाळ येते आणि मग सकाळ. आपण म्हणतो, सकाळी दिवस उगवला, रात्री संपला. यहुदी लोकांचा दिवस मात्र सूर्य मावळला की सुरू होतो. म्हणजे दिवसाचा पहिला भाग अंधाराचा आणि झोपेचा. माणूस काही करत नसतो तेव्हा देवाचे काम सुरू झालेले असते. सकाळी उठून आपण त्या आधीच सुरू झालेल्या दिवसात पाऊल टाकतो.

हे लक्षात आले आणि मला फार मोकळे वाटले. तोवर मी शनिवारची रात्र ही कशीबशी काढायची, मधे आलेली अडचण समजत होते. आता ती रविवारचाच पहिला भाग झाली. धावायला पहाटे पाचला सुरुवात होणार होती, पण दिवस सुरू होणार होता संध्याकाळी, जेवणाने, प्रार्थनेने आणि अंथरुणाने.

भायखळ्याला माझी मावसबहीण राहते, तिच्याकडे उतरले होते. सकाळी बीकेसीला जाऊन धावण्याचा नंबर, म्हणजे बिब, घेऊन आले. बहिणीने प्रेमाने मटण आणून ठेवले होते. तिला समजावले, “बाई गं, आज साधं वरण, भात आणि उकडलेला बटाटाच दे.” ती म्हणाली, “पाहुणी आलीस आणि आजाऱ्याचं जेवण मागतेस!” पण त्यामागे कारण आहे. आपण भात-भाकरी खातो, त्याची साखर होऊन ती स्नायूंत आणि यकृतात साठते. लांब धावताना शरीर तीच वापरते आणि साधारण तीस किलोमीटरच्या पुढे तो साठा संपू लागतो. तेव्हा पाय शिशाचे होतात. म्हणून आदल्या दिवशी पचायला सोपे आणि ओळखीचे खायचे, नवीन काही करून पाहायचे नाही.

दुसरी एक गोष्ट मला सरावाच्या काळात शिकायला मिळाली. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत धावणे वाढवायचे नसते, कमी करायचे असते. आपल्याला वाटते परीक्षा जवळ आली म्हणजे जास्त अभ्यास. इथे उलटे आहे. पळताना शरीर झिजते आणि विसाव्यात ते भरून निघते, पूर्वीपेक्षा थोडे बळकट होते. विसावा घेतला नाही तर केलेला सराव अंगी लागत नाही. शब्बाथाची आज्ञा आपण कितीदा ओझे म्हणून ऐकतो! माझ्या पोटऱ्यांनी मला ती कृपा म्हणून शिकवली.

आणि एलीयाची गोष्ट आठवा. तो घाबरून रानात पळून गेला होता आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही, की ‘तुझा विश्वास कुठे गेला’ असे विचारले नाही. त्याला झोपू दिले, उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा जेवायला उठवले, कारण पुढची वाट लांबची होती. त्यानंतर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालत होरेबाला पोहोचला. लांबच्या वाटेआधी देवाने आपल्या सेवकाला काय दिले, तर झोप आणि भाकर. भायखळ्यातले ते वरण-भात मी त्याच भावनेने जेवले.

जेवणानंतर सामान मांडून ठेवले. बनियनला चार पिनांनी बिब लावली, बूट, मोजे, व्हॅसलिन, मीठ-साखरेची पुडी. हे सगळे दाराजवळ खुर्चीवर ठेवले म्हणजे रात्री तीन वाजता डोके चालवावे लागत नाही. चिंतेला हाताने करायचे काम दिले की ती थोडी निवते, हा माझा अनुभव आहे. मग आम्ही उपासनेला बसणार, तेवढ्यात माझ्या यजमानांचा फोन आला.

वसतिगृहातल्या आठवीच्या एका मुलीला सिकलसेलचा त्रास सुरू झाला होता. हा आजार आईवडिलांकडून येतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, बारीक रक्तवाहिनीतूनही सहज सरकतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, अडकतात, रक्त पुढे जात नाही आणि हाडांत असह्य कळा येतात. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, अति श्रम, एवढे निमित्त पुरते. सातपुड्यातल्या आपल्या भिल्ल आणि पावरा बांधवांत हा आजार बराच आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले आणि २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासण्या होत आहेत, गोळ्या मिळतात, हे चांगलेच आहे. पण कळ येते तेव्हा ती त्या एका लेकरालाच सोसावी लागते.

“दोन्ही पाय दुखतायत,” यजमान म्हणाले. “ग्रामीण रुग्णालयात आणलंय. सलाइन लावलंय, दुखण्याचं औषध दिलंय.”

“मी निघू का?”

“आत्ता निघालीस तरी उद्या दुपारी पोचशील. इथे मी आहे, मावशी आहेत, डॉक्टर आहेत. तू असतीस तरी सलाइन काही तू लावणार नव्हतीस. झोप आता.”

तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. त्यांना निरोप गेला होता, ते निघाले होते. मी चारशे किलोमीटर लांब होते. मग फोन तिच्याकडे दिला. ती हळू आवाजात एवढेच म्हणाली, “ताई, वही नेली ना?”

वहीची गोष्ट सांगते. मी सकाळी सरावाला निघायचे तेव्हा वसतिगृहाच्या मुली पहिल्या वळणापर्यंत माझ्याबरोबर पळत यायच्या. हिला पळायची मनाई. ती पायरीवर शाल घेऊन बसायची. एक दिवस तिने स्वतःहून वही काढली आणि मी किती वाजता गेले, किती वाजता आले, किती किलोमीटर, हे लिहू लागली. पहिल्या पानावर तिने कविता राऊत यांचे वर्तमानपत्रातले चित्र चिकटवले होते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, हे आमच्या सगळ्या मुलींना पाठ आहे. ती वही तिने निघताना माझ्या पिशवीत घातली होती.

त्या रात्री उपासना झाली. बहीण झोपली. मला झोप येईना. घड्याळात अकरा वाजले. आता इथे एका धोक्याबद्दल बोलायला हवे, कारण आपण सगळे त्याच्या काठावरून चालतो. अशा वेळी ओठांवर सहज येणारी प्रार्थना असते, ‘प्रभू, तुझे आभार, माझे पाय धड आहेत, माझे रक्त चांगले आहे.’ ऐकायला ती उपकारस्तुतीच वाटते. पण मंदिरात उभ्या राहिलेल्या परूश्याची प्रार्थनाही आभारानेच सुरू झाली होती, हे विसरू नका. तो देवाचे आभार मानत होता की आपण त्या दुसऱ्या माणसासारखे नाही. शेजाऱ्याचे दुःख मोजून जे आभार मानले जातात, त्यांत शेजारी खाली राहतो आणि आपण वर. तिकडे एक लेकरू कळा सोसत असताना माझ्या धडधाकट पायांबद्दल मी देवाशी काय बोलावे?

मी दिवा लावला आणि वही उघडली. तिच्या अक्षरात ओळी होत्या. ‘६ किमी. पाऊस. ताई भिजल्या. मावशीने चहा ठेवला.’ ‘१२ किमी. रिकाम्या पोटी गेल्या नाहीत, भाकर खाल्ली.’ ‘आज गेल्या नाहीत. पाय दुखतो. सरांनी तेल आणले.’ ‘२१ किमी. जीपवाल्या काकांनी पाणी दिले, पैसे घेतले नाहीत.’ पाच महिन्यांत माझ्यासाठी कुणी काय केले, ते सगळे तिने टिपून ठेवले होते. त्यातले निम्मे मी विसरले होते. चुलीवरची ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ करून ठेवणाऱ्या मावशी, पहाटे कंदील घेऊन फाटकापर्यंत येणारा रखवालदार, घाटात गाडी हळू करणारा एसटीचा ड्रायव्हर.

एकेक ओळ वाचायची आणि त्या माणसासाठी देवाचे आभार मानायचे, असे मी सुरू केले. माझे पाय त्या यादीत आपोआप आले, पण माझी मिळकत म्हणून आले नाहीत. इतक्या जणांनी त्यांना खाऊ घातले होते, पाणी पाजले होते, तेल चोळले होते. जे असे मिळालेले असते, त्याचे आभार मानताना कुणी खाली राहत नाही. आपण ऋणी होतो, आणि ऋणी माणसाला वर चढून बसायला जागाच नसते. पायरीवर बसलेली ती मुलगीही त्या धावण्यात होती. खरे तर सगळ्या किलोमीटरांचा हिशेब तिच्याकडेच होता.

मग तिला देवाच्या हाती सोपवले. सोपवणे म्हणजे काळजी संपणे असे मी म्हणणार नाही. प्रभूने धरून दिला जाण्याच्या रात्री भाकर हाती घेऊन उपकारस्तुती केली, आणि त्याच रात्री, थोड्याच वेळाने, गेथशेमाने बागेत तो व्याकूळ होऊन प्रार्थना करत होता. आभाराचे मेज आणि घामाची बाग एकाच रात्रीत बसतात. म्हणून छाती धडधडते म्हणजे आपला विश्वास कमी, असे कुणी समजू नये. आणि एक पाहा. प्रभूने आभार मानले ते पुनरुत्थानाच्या सकाळी नाही, आदल्या रात्री. निकाल लागल्यावरचे आभार कुणालाही सुचतात. निकालाआधीचे आभार म्हणजे देवाशी सौदा नाही, कारण हातात बदल्यात द्यायला काही नसतेच. ते देवावर टाकलेले भार असतात.

त्या रात्री मी फार तर तीन तास झोपले. अनुभवी धावपटू सांगतात की आदल्या एका रात्रीची झोप गेल्याने फारसे बिघडत नाही, अंग टेकून शांत पडून राहिले तरी चालते. मी पडून राहिले. खिडकीतून भायखळ्याच्या लोकलचा आवाज येत होता. भीती होती, पण आता ती खोलीतल्या एका कोपऱ्यात बसली होती, माझ्या छातीवर बसलेली नव्हती. शांती मला अशी मिळाली.

सकाळी फोन बहिणीकडे ठेवला आणि निघाले. त्यामुळे धावत होते तोवर मुलीचे कसे आहे, मला कळले नाही. शर्यत पूर्ण केली. पेडर रोडवर चालले, ते झाकत नाही. संपल्यावर फोन केला, तेव्हा कळले की पहाटे तिच्या कळा कमी झाल्या होत्या आणि तिची आई पोहोचली होती. चार दिवसांनी ती वसतिगृहात परतली आणि वहीतली शेवटची ओळ तिने स्वतः लिहिली. सोलर बंब तुमच्या देणग्यांमुळे बसला आहे, त्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. पण एवढे सांगू द्या, की तिचा त्रास वाढला असता किंवा मी निम्म्यात थांबले असते, तरी त्या रात्रीचे आभार खोटे ठरले नसते. ते आधीच मिळालेल्या गोष्टींचे होते आणि मिळालेले कुणी परत घेऊन जाऊ शकत नव्हते.

जाता जाता, तुमची आदली रात्र येईल तेव्हासाठी तीन गोष्टी सांगते. लागणारे सामान संध्याकाळीच मांडून ठेवा, मग ते हॉस्पिटलचे कागद असोत की परीक्षेचे प्रवेशपत्र. साधे जेवा आणि मुद्दाम बसून जेवा, कारण एलीयालाही देवाने आधी भाकर दिली. आणि एका कागदावर नावे लिहा, तुम्हाला इथवर कुणी कुणी आणले त्यांची. दहा लिहा, वीस लिहा. मोठ्याने वाचा. नावे संपायच्या आत झोप आली, तर उरलेली देवाला ठाऊक आहेत.

दिवस संध्याकाळी सुरू होतो आणि तो सुरू करणारा आपण नसतो. ही शांती तुम्हा सर्वांना लाभो. आमेन.